उंदराची दवा

उंदीर गेले, ही बातमी आचलला दारातच मिळाली. शनिवारची दुपार, नागपूरच्या गाडीतून उतरून ती स्टेशनवरून पायीच आलेली, पिशवी अजून खांद्यावरच, आणि बाबा डोळ्यांवरचा काळा चष्मा सावरत, सोयरीक जुळल्याचं सांगावं तशा उल्हासानं सांगत होते, "गेले ना सारे! रातपासून एक नाही दिसला." उंदीर आले होते तेही बाबांच्याच मागोमाग. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बकाराम नवेगाव बांधहून लेकीच्या खोलीवर आले ते अर्धं पोतं तांदूळ घेऊन. लेकीच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नसतं, मग लेक गोंदियात एकटी राहून महिन्याला जेमतेम चार किलो तांदूळ शिजवत असली तरी. तांदळाचा वास लागला आणि खालच्या किराणा दुकानातली उंदरांची अख्खी जमात जिना चढून वर आली. आठ दिवस बाबांनी कुरकुर केली. उंदरानं पोतं कुरतडलं, उंदरानं टॉवेल नेला, उंदीर छातीवरून गेला. आचल हूं हूं करत राहिली. तिच्या डोक्यात तेव्हा दुसराच उंदीर होता. आता ती हसली, पिशवी उतरवली, आणि मग तिला खिडकीतला थर्माकोलचा डबा दिसला. त्याला झाकण नव्हतं. आत बाबांची डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली, कापसाचा पुडा आणि चष्म्याचं घर नीट मांडून ठेवलेलं होतं. डब्याच्या कडेला निळ्या शाईत तिचं स्वतःचं नाव होतं.

"हा डबा कधी आला?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"काल. तू गेली अन् घंटाभरात कुरियरवाला आला. म्हने, मॅडम की दवाई है, ठंडे में रखना काका." बाबा खाटेवर टेकले. गोष्ट सांगायची तर ती बसूनच सांगायची, ही त्यांची रीत. "फोडून पायतो तं आत इतकुशी शिशी. संग कागद, कागदावर उंदराचं चित्र. अन् इंग्रजीत लिवलं, एम, ओ, यू, एस, ई. माउस. तेवढं मले वाचता येते. मी मनात म्हनलो, पाय, पोरगी बोलत नाही पर कामाची हाय. मी आठ दिवस कुरकुर करून राहिलो, अन् तिनं गुपचूप दवा मागवून घेतली! मंग काय, कनिक मळली, गूळ टाकला, दवा टाकली, चार गोळ्या केल्या. घरवाल्या देवकाबाईची मांजर कोंडून ठेवाले लावली. हात तीन खेप धुतले. सकाळी पायतो तं गोळ्या सफाचट."

आचल हातपाय धुते म्हणून न्हाणीत गेली, नळ सोडला आणि पालथ्या बादलीवर बसून राहिली. पाणी फुकट वाहत होतं, आणि बाहेरून बाबा ओरडत होते की नळ काऊन सोडून ठेवला. ती दवा नव्हती. शंभर मायक्रोलिटर, म्हणजे दोन मोठे थेंब, आणि त्या दोन थेंबांत एकाच घडणीची अगणित प्रथिनं, ज्यांना या जगात फक्त एकच गोष्ट ओळखता येते. प्रयोगशाळेच्या भाषेत मोनोक्लोनल अँटिबॉडी. फार वर्षांमागे कुणीतरी सुरणाच्या गोतातल्या एका परदेशी झाडाच्या, फुलताना अंग तापणाऱ्या फुलोऱ्यातून एक एन्झाइम काढलं आणि उंदराला टोचलं. हा परका कोण म्हणून उंदराच्या अंगानं त्याच्यावर पहारेकरी उभे केले. पहारेकरी घडवणाऱ्या त्या पेशींपैकी एक उचलून न मरणाऱ्या दुसऱ्या पेशीशी तिची सोयरीक लावून दिली, आणि त्या एका जोडप्याचा वंश काचेच्या भांड्यांतून वाढत राहिला. उंदीर गेला, पहारेकरी राहिले. ते एन्झाइम सुरणात असो की धानात, त्यांना ते बरोबर सापडतं. पेशीच्या आत मायटोकाँड्रियात श्वासाचा एक हमरस्ता असतो. तो तुंबला की झाड या एन्झाइमच्या आडवाटेनं श्वास वळवतं. आडवाटेनं गेलं की हाती फारसं लागत नाही, नुसती ऊब निघून जाते, पण जीव गुदमरत नाही. आचलच्या चार वर्षांच्या प्रबंधाचं सगळं ओझं त्या आडवाटेवर होतं. तिच्या घरच्या जुन्या धानात पुराचं पाणी उतरल्यावर हे एन्झाइम वाढतं आणि बाजारच्या बियाण्यात वाढत नाही, हे तिला दाखवायचं होतं. दोनदा दिसलं होतं. तिसऱ्यांदा दिसलं तरच ते खरं धरतात. आधीची कुपी संपली, ती बनवणाऱ्यांनी हा वंश वाढवणंच बंद केलं, आणि तिचे मार्गदर्शक योगराज सर यांनी हैद्राबादच्या एका जुन्या मित्राच्या फ्रीजमधून शेवटची कुपी मागवून घेतली होती. जानेवारी संपला की तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. आणि ती शेवटची कुपी गुळाला लावून गोंदियाच्या उंदरांनी खाल्ली.

राग यायला हवा होता. तिनं तो शोधलाही, पण सापडला तो भलतीकडेच. कॉलेजला दोन दिवस सुटी म्हणून खोलीचा पत्ता कुणी दिला? आपण. डबा येणार आहे, त्याला हात लावू नका, एवढं एक वाक्य बाबांना सांगायला काय झालं होतं? काहीच नाही. सांगायचं सुचलंच नव्हतं. चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. गावात कुणी विचारलं की बाबा सांगायचे, पोरगी धानाची डॉक्टर होऊन राहिली. ते ऐकून ती हसायची आणि विषय बदलायची, कारण त्यापुढचं सांगायचं तर कुठून सुरू करायचं, आणि बाबांना ते काय कळायचं. हे 'काय कळायचं' तिनं मनातल्या मनात कितीदा म्हटलं होतं, ते आता नळाच्या आवाजात तिला ऐकू येत होतं. बाप सातवी शिकलेला. त्याला माउस वाचता आलं, आणि त्यानं त्या पाच अक्षरांतून लेकीची माया वाचली. पोरीनं आपल्यासाठी दवा मागवली! आता बाहेर जाऊन सांगायचं की नाही बाबा, तुमच्या कुरकुरीकडे माझं लक्षही नव्हतं? तिला रडू आलं ते दोन थेंबांसाठी की याच्यासाठी, ते तिला नक्की ठरवता येईना. तिनं नळ बंद केला.

"बाबा," टॉवेलनं तोंड पुसत, जणू सहजच, ती म्हणाली, "सारीच टाकली का दवा?"

बाबांच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं. तिनं त्यांना चोर म्हटलं असतं तरी त्यांना इतकं लागलं नसतं. "सारी? सारी कोनी टाकते का वो? बिजवाई नाही ठेवा लागत, पुढच्या खेपेले?" ते उठले, माठाशी जाऊन उकिडवे बसले, डॉक्टरनं वाकू नका म्हणून बजावलं होतं ते विसरून, आणि माठाखालच्या ओल्या रेतीत बोटं घालून त्यांनी प्लास्टिकची एक पुडी वर काढली. पुडीत कुपी होती. झाकण गच्च, वरून प्लास्टिक, त्यावर दवाखान्याच्या गोळ्यांच्या पाकिटाचं पिवळं रबर दोन वेढे देऊन लावलेलं. "खाली देवकाबाईचा फ्रीज हाय, पर जहर दुधाजवळ कायले ठेवू? म्हून रेतीत ठेवली. काडी उकळून घेतली, काडीनं उचलून थोडी थोडी टाकली. पुन्हा उंदीर आले तं पुन्हा कुठून आनशील?"

आचलनं कुपी खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी एक थेंब हलला. अर्ध्याहून जास्तच होता. त्यातून एका प्रयोगाला लागायचा तो जेमतेम दहावा भाग. पण चार अंशांवर राहायची वस्तू दीड दिवस माठाखाली होती, आणि त्यात आता एक गढूळ धागा तरंगत होता, गुळाचा की काडीचा कोण जाणे. तिच्यात जीव होता की नव्हता, हे नुसतं पाहून सांगता येत नव्हतं. प्रयोग करूनच ते कळणार होतं. तिनं बाबांकडे पाहिलं. ते काळ्या चष्म्याआडून तिच्याच तोंडाकडे पाहत होते.

"चांगली ठेवली बाबा," ती म्हणाली. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

गच्चीवर जाऊन तिनं योगराज सरांना फोन केला. सगळं तिनं एका दमात सांगितलं. "उंदरांनी खाल्ली?" सरांनी विचारलं. मग त्यांचा नेहमीचा कोरडा आवाज आला, "त्यांचीच होती म्हणा. घरची घरी गेली." ती हसली नाही, तेव्हा तेच पुढे म्हणाले, "हे बघ आचल, अँटिबॉडी आपल्याला वाटते त्यापेक्षा चिवट असते. सेंट्रिफ्यूज कर, गाळ खाली बसू दे, वरचं स्वच्छ घे आणि चालव. रेघ आली तर आली. नाही आली तर प्रबंधाच्या त्या प्रकरणातून तो दावा काढायचा." तो दावा काढला तर प्रकरणात उरतं काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला. जिन्यात देवकाबाई भेटल्या. घरमालकीणबाईंनी मांजर कडेवर घेतली होती. "बिटिया, तेरे बाबूजी की दवाई तो कमाल की निकली," त्या म्हणाल्या, "थोड़ी हमको भी देना." आचलनं मान हलवली. बाबांनी बिळात काचा कोंबून वरून सिमेंट लिंपलं होतं, ते तिला जिन्याच्या कोपऱ्यात तेव्हाच दिसलं. पण श्रेय दवेचं होतं.

रविवारी कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. वॉचमननं दार उघडून दिलं आणि ती दिवसभर एकटीच राबली. आधी कुपी फिरवून गाळ बसवला, वरचं पाणी दुसऱ्या कुपीत घेतलं. मग पाण्यातून काढलेल्या रोपांची प्रथिनं जेलमधून पळवली, हलकी पुढे आणि जड मागे, आणि त्यांच्या ओळी कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवून घेतल्या. हातांना हे सगळं पाठ होतं, त्यामुळे मन मोकळं होतं, आणि मोकळं मन गेलं ते थेट बोडीच्या, गावच्या छोट्या तळ्याच्या, खालच्या धानाच्या बांधीत, अठरा वर्षं मागे. ती अकरा वर्षांची होती. भादव्यात बोडीची पाळ फुटली आणि नऊ दिवस धान पाण्याखाली राहिलं. बाबा रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन उभे राहायचे, तीही त्यांचा हात धरून उभी राहायची, आणि समोर नुसतं पिवळट पाणी. आई म्हणायची, पाहून का पानी उतरते? दहाव्या दिवशी उतरलं. शेजारच्यांचं धान हिरवंगार उभं होतं. लोक नाचायचे बाकी होते. आणि दोन दिवसांत ते हिरवं धान उभ्या उभ्या विरघळून गेलं. पाण्याखाली नऊ दिवस तगलेलं, वर हवेत आल्यावर मेलं. बाबांच्या बांधीत एका कडेला जुनं वाण होतं, घरात त्याला 'बुडी' म्हणायचे. ते पाणी उतरलं तेव्हा पेंढ्यासारखं चिखलात लोळत होतं, आणि तिसऱ्या दिवशी उठून उभं राहिलं. "बुडनं सोपं असते," बाबा तेव्हा म्हणाले होते, तिला की स्वतःला कुणास ठाऊक, "वर येनं कठीन." एम.एस्सी.ला तिनं पुस्तकात वाचलं की पाणी ओसरल्यावर अंगावर एकदम आलेली हवाच रोपाला जाळते, तेव्हा तिला ते वाक्य आठवलं होतं. प्रबंधाचा विषय तिनं तिथून घेतला. पण हे सर्वांना सांगितलं तरी बाबांना कधी सांगितलं नव्हतं.

आणि ती बुडी उरली तरी कशी? तिचं धान कमी व्हायचं, लोंब हलकी, तांदूळ लालसर. आईनं किती वेळा सांगितलं की सोडा आता. बाबांनी सोडलीही. सगळ्या बांध्यांत बाजारचं बियाणं आलं. फक्त कडेची एक पट्टी, खाटेएवढी, ते दर वर्षी रोवायचे, आणि त्यातली ओंजळभर वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून चुलीवरच्या आढ्याला टांगायचे. कायले, म्हणून आईनं विचारलं की एकच उत्तर, बिजवाई. त्या शब्दाला पुढे कारण लागत नसे. आचल संशोधनासाठी बियाणं मागायला गेली तेव्हा तुंबा तयार होता. माठाखालची पुडीही त्याच हातानं, त्याच शब्दानं ठेवली होती, हे तिला आता, पडद्यावर, दवा भलतीकडे चिकटू नये म्हणून, दुधाच्या पावडरीचं पाणी ओतताना कळलं, आणि तिला आपल्या बापाचं इतकं प्रेम दाटून आलं की रिकाम्या प्रयोगशाळेत ती मोठ्यानं "बाबा" म्हणाली. मग कुणी ऐकलं तर काय, म्हणून उगाच खोकली.

सोमवारी सकाळी बाबांचा डोळा तपासायचा होता. डॉक्टरांनी काळा चष्मा काढला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि डोळा झकास आहे म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर बाबा रस्त्यावरच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत चालले. त्यांना खोलीवर सोडून कॉलेजात जायचं आचलच्या मनात होतं, रिक्षावाल्याला तिनं तसं सांगितलंही, आणि मग कसं कोण जाणे, तिच्या तोंडून निघालं, "बाबा, माझं काम पाहायला येता का?" बाबा पाट्या वाचायचे थांबले. "मले चालते का तिथं?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नानं तिला इतकं वाईट वाटलं की तिनं उत्तराऐवजी त्यांचा हात धरला.

प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. चालतात हो बाबा, म्हटलं तरी काढल्याच. स्टुलावर बसले, हात मांड्यांवर, पाहुण्यासारखे. आचलनं पडदा दुधातून काढून धुतला, ट्रेमध्ये ठेवला, आणि फ्रीजमधून बर्फात घातलेली दवा आणली. कुपी बदलली होती, पण निशाणी असावी म्हणून तिनं जुनं पिवळं रबर नव्या कुपीला लावलं होतं. बाबांच्या नव्या डोळ्याला सगळ्यांत आधी तेच दिसलं.

"हे तं उंदराची दवा होय," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "इथं कायले आनली?"

आचलच्या हातात पिपेट होती. दवा कुठे नेली असं बाबा विचारतील म्हणून दोन दिवस तिनं तयारी केली होती, खोटं उत्तर नीट घोटून ठेवलं होतं. ते तिला एकदम नकोसं झालं. आणि मग आपली मराठीच तिच्या मदतीला आली. आपल्या भाषेतली ही 'ची' मोठी सोयीची असते. खोकल्याला मारते ती खोकल्याची दवा, आणि शेळीपासून येतं ते शेळीचं दूध. अर्थ ज्यानं त्यानं पाहून घ्यावा.

"उंदराचीच आहे बाबा," ती म्हणाली. "उंदराच्या अंगातून काढलेली."

आणि मग ती बोलत सुटली. ट्रेमध्ये दवा मिसळली, पडदा तिच्यात बुडवला, आणि यंत्र महिनाभर बिघडलेलं म्हणून ट्रे हातानंच हळूहळू हलवत तिनं चार वर्षांचं सगळं सांगितलं. बोडीची पाळ फुटली तिथपासून. श्वासाचा हमरस्ता, आडवाट, सुरणाचं फूल, उंदीर, न मरणारी पेशी. मध्येच बाबांनी "दे इकडं" म्हणून ट्रे घेतला आणि सुपात धान घोळावं तसा ते एका लयीत घोळू लागले. तिच्यापेक्षा कितीतरी सारखा.

"म्हनजे उंदीर मेला असंल," ते म्हणाले.

"हो. तेव्हाच."

"अन् एका पेशीपासून सारं वाढवलं. दुसरी मिसळलीच नाही."

"नाही. एकच."

"मंग एका लोंबीचं धान झालं ते," बाबा म्हणाले. "निवडून एकच लोंब घ्याची, तेच रोवाची, त्याचीच पुन्हा बिजवाई. भेसळ नाही राहत. सारे दाने एका मायचे." ट्रे चालूच होता. "हे तू मले पयले काऊन नाही सांगितलं? समजते ना."

मोनोक्लोनल या शब्दाचा याहून चांगला अर्थ आचलनं कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. "चुकलं बाबा," ती म्हणाली. बाबांनी मान डोलावली, म्हणजे चुकलं होतं हे त्यांनाही मान्य होतं.

दीड तासानं तिनं पडदा तीनदा धुतला आणि दुसरी कुपी आणली. ही साधी, कुठेही मिळणारी. बाबांनी विचारलं, आता हे कोनाची? आचल म्हणाली, शेळीची. ही उंदराच्या विरुद्ध असते. उंदराची दवा पडद्यावर जिथे चिकटली असेल तिथे जाऊन ही तिला धरते, आणि मग रंग येतो.

"उंदराच्या विरुद्ध?"

"हो. नावच तसं आहे, अँटी-माउस."

बाबांचा हात थांबला. ट्रेमधलं पाणी एका कडेला जाऊन परत आलं. "मंग मले हे शिशी पायजे होती," ते म्हणाले. "मी चुकीची वापरली." आणि पुन्हा ट्रे हलवू लागले. त्यांना सगळं कळलं होतं. कदाचित शनिवारीच कळलं असेल, ती टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आली तेव्हाच. पुढचा तासभर ट्रे हलत राहिला. खाली व्हरांड्यात पोरांचा गलका होता, खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर आला, बाबांच्या मनगटावर चढला आणि पलीकडे गेला.

शेवटी रंगाचं पाणी ओतायची वेळ झाली. ओतलं की पाच-दहा मिनिटांत काय ते दिसतं, नाहीतर दिसत नाही. आचलनं ओतलं. पडदा पांढरा. एका बाजूला बाजारच्या धानाच्या नमुन्यांची घरं, दुसऱ्या बाजूला बुडीची. तिनं घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं. पडदा पांढराच. चार मिनिटं. तिला पाहवेना. ती उगाच बेसिनशी जाऊन चकाकणारा बीकर पुन्हा विसळू लागली. जानेवारीचे दिवस मोजले, सरांना काय सांगायचं ते मनात जुळवलं. सगळ्यांत जास्त भीती तिला या गोष्टीची वाटत होती की आता नाही आली तर बाबा ते स्वतःच्या माथी घेतील आणि जन्मभर बोलून दाखवणार नाहीत.

"आचल," बाबा म्हणाले. "हे जांभळी रेघ आधीपासून होती का?"

ती धावत आली. तिला काहीच दिसलं नाही. बाबा ट्रेवर वाकले होते, आणि ऑपरेशन झालेला उघडा डोळा त्यांनी बारीक केला होता. "इथं. अन् इथं." त्यांचं बोट पडद्यापासून वीतभर वर थांबलं, शिवायचं नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिनं डोळे पुसले, आणि मग तिलाही दिसली. पाणी उतरल्यानंतरच्या दोन घरांत, अगदी जिथे असायला हवी तिथेच, पेन्सिलीनं ओढावी एवढी बारीक रेघ. पाहता पाहता ती गडद होत गेली. बाजारच्या धानाची घरं कोरी होती.

"कोनाची होय?"

"बुडीची," आचल म्हणाली. "तुमच्या बुडीची, बाबा. हीच ती आडवाट."

बाबा आणखी वाकले. "एवढीशी?"

"एवढीशीच असते."

"पुरते एवढी," ते म्हणाले.

तिनं पडदा पाण्यात टाकून रंग थांबवला, चिमट्यानं उचलून टिपकागदावर ठेवला, मोबाइलवर फोटो काढून सरांना पाठवला. बाबा दाराशी जाऊन चपला घालत होते. एक पाय चपलेत, एक बाहेर, तसेच ते मागे वळले.

"थोडी ठेवली ना दवा?"

"ठेवली बाबा."

"अन् पाय, तुह्या मायले नोको सांगजो."

"काय?"

"मी उंदरायले तुही दवा चारली म्हून. सारा गाव गोळा करंल रुख्मा, अन् जलमभर हासंल."

आचल हसली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं बाहीनं पुसलं. "नाही सांगत बाबा," ती म्हणाली. बर्फातली कुपी उचलून तिनं झाकण घट्ट केलं. असल्या कुपीला गुंडाळायची खास पातळ पट्टी टेबलावरच पडली होती. ती तिनं बाजूला सारली आणि पिवळं रबर पुन्हा दोन वेढे देऊन लावलं.